चिंचोका, गवार आणि रंगाचं पाणी : थोडा इतिहास, थोडा हिशेब



मागे नाल्याच्या जांभळ्या पाण्याचा फोटो टाकला होता. तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, झाडांपासून केलेली जेल निघाली आहे म्हणे. ती पाण्यात टाकली की रंग शोषून घेते आणि पाणी स्वच्छ होतं. खरं आहे का?"

खरं आहे, पण कुठल्या पाण्यात, कुठला रंग आणि किती जेल, हे समजून घेतल्याशिवाय त्या खरेपणाचा आपल्याला उपयोग नाही. आणि ते समजायला थोडं मागे जावं लागतं. म्हणून आज पिकाची नोंद नाही. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

नवीन मंडळींसाठी सांगतो. माझं घर विलेपार्ले पूर्वेला जुन्या वाडीत आहे आणि शेत भिवंडी तालुक्यात. इर्ले आणि पाडले या दोन गावांच्या नावांवरून पार्ले झालं असं जुनी माणसं सांगतात. या भागात भातशेती होती, आमच्या आजोबांनी इथेच भात लावलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारी सांताक्रूझचा विमानतळ आला, मग वस्ती वाढत गेली. पार्ल्यातली शेती संपली म्हणून आम्ही खाडीपलीकडे गेलो. तिथे शेताच्या वरच्या अंगाला एक डाइंग आहे. ज्या दिवशी तिथे जो रंग, त्या दिवशी आमच्या नाल्याला तो रंग. कोणाचं नाव घेत नाही. तालुक्यात अशा जागा पुष्कळ आहेत.

आधी रंग शेतात पिकायचा

आज रंग म्हटलं की डबा आणि कारखाना डोळ्यापुढे येतो. दीडशे वर्षांपूर्वी रंग हे शेतकऱ्याचं नगदी पीक होतं. खानदेश-वऱ्हाडात आल लावायचे. तिची मुळं तिसऱ्या-चौथ्या वर्षी खणून काढायची, त्यापासून लाल रंग व्हायचा. करडईच्या पाकळ्यांपासून कुसुंबी रंग. निळीच्या झाडापासून निळा. निळीचं काम करणाऱ्यांना आपल्याकडे निराळी म्हणत, बाकीचं काम रंगारी करत. म्हणजे लावणारा, काढणारा, रंगवणारा अशी सगळी साखळी गावातच होती.

त्या वेळी पाणी घाण होत नव्हतं असं मी म्हणणार नाही. निळीचे हौद भयंकर वास मारायचे. पण काम थोडं होतं आणि ती घाण कुजून जाणारी होती.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत करायला बसला होता. क्विनाइन झालं नाही, भांड्यात जांभळा रंग मिळाला. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेला हा पहिला नावारूपाला आलेला रंग. गंमत बघा, त्याच १८५६ साली मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी चालू झाली. रंगाची आणि गिरणीची सुरुवात एकाच वर्षी.

१८६९ च्या सुमारास जर्मनांनी आलीच्या जातीचा लाल रंग कारखान्यात बनवला. आल लावणाऱ्याचा धंदा तिथेच बसला. तीन वर्षं जमीन अडकवून कोण मुळं खणत बसणार? १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने बनावट नीळ बाजारात आणली आणि पहिलं महायुद्ध येईपर्यंत हिंदुस्थानातली निळीची शेती पार आटली. चंपारणचा १९१७ चा सत्याग्रह आपण शाळेत शिकलो. त्यामागेही हेच होतं. निळीचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या डोक्यावर टाकला.

करडई तेवढी राहिली, ती तेलासाठी. पाकळी आता कोणी वेचत नाही.

मुंबईने रंग कसा शिकला

१९३३ साली मुंबई विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला. माटुंग्याचं यूडीसीटी ते हेच, आताचं आयसीटी. सुरुवातीच्या विषयांत कापडाचं रसायन होतं, कारण गिरण्यांना रंग समजणारी माणसं हवी होती. पुढे तिथे डॉ. के. वेंकटरामन संचालक झाले. रंगांच्या रसायनावर त्यांनी लिहिलेले ग्रंथ जगभर वापरले गेले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. आपल्या उपनगरात घाटकोपरला १९५४ साली गिरण्यांच्या संशोधनासाठी बीटीआरए ही संस्था उभी राहिली.

१९५६ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने रिॲक्टिव्ह रंग आणले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हा रंग सुती धाग्याशी रासायनिक गाठ मारतो, म्हणून धुतला तरी जात नाही. स्वस्त, चमकदार, पक्का. पण यात एक मेख आहे. रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच गाठ मारून मोकळा होतो. तो कापडावर बसत नाही आणि पुन्हा वापरताही येत नाही. रंगाच्या जातीप्रमाणे दहा टक्क्यांपासून ते काही वेळा तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत माल असा गटारात जातो. वर हा रंग कापडात शिरावा म्हणून हौदात मीठ टाकावं लागतं. गडद रंगाला लिटरमागे ५० ग्रॅम आणि त्याहूनही जास्त. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, यावरून अंदाज करा.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. कापडाचं काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर आणि लहान लहान डाइंगमध्ये वाटलं गेलं. एका मोठ्या गिरणीचं पाणी पकडणं सोपं होतं. शंभर लहान ठिकाणांचं पाणी पकडणं अवघड. कायदा आपल्याकडे लवकर आला होता, महाराष्ट्राचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० पासून आहे. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याला निळी कुत्री फिरताना सगळ्या देशाने पाहिली. कासाडी नदीत उतरून ती रंगली होती. कुत्र्यांचे फोटो निघाले म्हणून बातमी झाली. भाताच्या मुळांचे फोटो कोणी काढत नाही.

पाणी निवळायची आपली जुनी रीत

बीने पाणी साफ करणं आपल्याला नवीन नाही. "निवळणं" हा शब्दच बघा. निवळीची बी माठाच्या आत घासून ठेवायची, गाळ खाली बसायचा. सुश्रुत संहितेतही या बीचा पाणी स्वच्छ करण्यासाठी उल्लेख आहे, तिथे तिला कतक म्हटलंय. शेवग्याच्या बियांच्या पिठानेही गढूळ पाणी खाली बसतं. त्या बीतलं प्रथिन गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटवतं, मग ते जड होऊन तळाला जातात.

चिंचोक्याची गोष्ट तर अस्सल आपली. घोंगडी विणून झाली की चिंचोक्याची खळ लावतात, त्याने ती घट्ट होते. सुताच्या सायझिंगमध्येही चिंचोक्याचं पीठ चालतं. १९४२ साली घोष आणि कृष्णा या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सोललेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ आहे. पुढे इथे मुंबईतच पेक्टिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या डॉ. सावूर यांनी तो शुद्ध करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जॅम-जेलीसाठी तो फळांतल्या पेक्टिनपेक्षा सरस ठरला. आपण चिंच फोडून बी बाजूला टाकतो, त्या बीची ही किंमत.

गवारीचं तसंच. भाजीची गवार आपण कोवळी तोडतो. राजस्थानात ती बियांसाठी वाढवतात, त्या बियांचा गोंद जगभर जातो. २०१२ साली अमेरिकेत तेल-वायूच्या विहिरींसाठी या गोंदाला इतकी मागणी आली की भाव भडकले आणि मार्च २०१२ मध्ये गवारीचा वायदेबाजार बंद ठेवावा लागला.

जेल कुठून आली

१९६० मध्ये प्राग शहरात विख्टरली आणि लिम या दोघांनी पाणी धरून ठेवणारी जेल बनवली, त्यातून डोळ्यात घालायच्या मऊ लेन्स निघाल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चला रसायनाची जोड देऊन असा पदार्थ केला की तो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिऊ लागला. मक्याचं उत्पादन जास्त झालं होतं, त्याला नवं गिऱ्हाईक हवं होतं. म्हणजे मूळ शोधच शेतमाल खपवण्यासाठी झाला.

आपल्याकडे एनसीएलने १९८० च्या दशकात "जलशक्ती" नावाचा असाच पदार्थ कोरडवाहू शेतीसाठी तयार केला. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या काळात तिथे याच विषयात काम करत होते. ते माटुंग्याच्या यूडीसीटीचेच विद्यार्थी. नंतर दिल्लीच्या पुसा संस्थेचा "पुसा हायड्रोजेल" आला. तो सेल्युलोजपासून, म्हणजे झाडाच्या तंतूपासून केलेला आहे. एकरी एक ते दोन किलो मातीत टाकायचा, स्वतःच्या निदान साडेतीनशे पट पाणी धरतो. तुमच्यातल्या काहींनी वापरलाही आहे.

रंगासाठी बनवतात ती जेल याच घराण्यातली. गवारीचा गोंद, चिंचोक्याचं पीठ, स्टार्च, सेल्युलोज, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, यांच्या लांब साखळ्या एकमेकींना जाळ्यासारख्या बांधतात. जाळं विरघळत नाही, फुगतं. पाणी आत शिरतं, पाण्याबरोबर रंग शिरतो आणि जाळ्याच्या धाग्याला चिकटून बसतो.

चिकटतो कसा, हे काळ्या मातीला विचारा

युरिया टाकल्यावर त्यातला नत्र आधी अमोनियम होतो. त्याच्यावर धन भार असतो, मातीच्या कणांवर ऋण, म्हणून माती त्याला धरते. त्याचं नायट्रेट झालं की भार ऋण होतो, माती धरत नाही, पाऊस आला की खाली वाहून जातं. हे आपल्याला पक्कं माहीत आहे.

जेलचं अगदी तेच. अल्जिनेटच्या किंवा सेल्युलोजपासून केलेल्या जेलवर बहुधा ऋण भार असतो. मिथिलीन ब्लूसारखा धन भाराचा रंग तिला घट्ट चिकटतो. प्रयोगशाळेतले बहुतेक सुंदर फोटो, डावीकडे निळी बाटली आणि उजवीकडे पांढरी, याच रंगाचे असतात.

पण सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋण भाराचे आहेत. भिवंडी, इचलकरंजीच्या पाण्यात मुख्य तेच. ऋण जेल त्यांना नायट्रेटसारखं सोडून देते. त्यांच्यासाठी जेलच्या साखळीला धन भाराचे तुकडे जोडावे लागतात, किंवा कोळंबीच्या सालापासून निघणारं कायटोसान मिसळावं लागतं. हे करता येतं, पण खर्च वाढतो. गवार आणि चिंचोक्याच्या गोंदावर तर स्वतःचा भार जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्यांना काहीतरी जोडावंच लागतं. बऱ्याच वेळा ते जोडलेलं पेट्रोलियममधून आलेलं असतं. म्हणून पाकिटावर "वनस्पतीजन्य" लिहिलेलं दिसलं तरी विचारा, किती टक्के?

हिशेब

समजा एक लहान डाइंग रोज एक लाख लिटर पाणी सोडतं आणि लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे रोज १० किलो रंग. एक ग्रॅम जेल २०० मिलिग्रॅम रंग धरते असं धरू. मग रोज ५० किलो कोरडी जेल लागेल. ती फुगणार. मिठाच्या पाण्यात जेल कमी फुगते, तरी वीस पट धरा. रोज एक टन रंगीत लगदा तयार. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, प्रत्येक ठिकाणी वेगळे येतील. पण गणिताची रीत हीच.

या लगद्याचं काय करायचं? जेल आम्लाने किंवा दुसऱ्या द्रावणाने धुऊन काही वेळा परत वापरता येते, पण धुतलेला रंग थोड्या पाण्यात गोळा होऊन पुन्हा पुढे उभा राहतोच. शेवटी तो घातक कचरा म्हणून रीतसर पाठवावा लागतो. तो कोणाच्या बांधावर येऊन पडला तर नाल्यातला रंग शेतात आला, एवढाच फरक झाला. जेल रंगाचा नाश करत नाही, एका जागी गोळा करते. गोळा करणं हेही मोठं काम आहे, पण पुढचं काम कोणीतरी करायला हवं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट मीठ. मी शेवग्याच्या बियांचं पीठ करून आमच्या नाल्याचं पाणी बादलीत बघितलं. गाळ छान बसला, रंग फिका झाला. मग क्षार मोजायचं छोटं मीटर बुडवलं, आकडा होता तिथेच. आमच्या नाल्याकडच्या दोन खाचरांत भाताची रोपं पिवळी पडतात आणि माती वाळली की पांढरी पुटं येतात, ते मिठामुळे. मीठ डोळ्याला दिसत नाही, रंग दिसतो. रंग काढून टाकला आणि मीठ तसंच ठेवलं तर उद्या नाला स्वच्छ दिसेल, तक्रार कोणी ऐकणार नाही, आणि खाचरं मरतच राहतील. जेलच्या बातमीने मला आनंदाआधी हीच धास्ती वाटली.

तिरुपूरच्या शेतकऱ्यांनी काय केलं

तमिळनाडूत तिरुपूरला बनियन-टीशर्टचा फार मोठा धंदा आहे. तिथल्या डाइंगचं पाणी नोय्यल नदीत जायचं. खाली ओरत्तुपाळयम इथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतीसाठी धरण बांधलं, त्यात रंगाचं आणि मिठाचंच पाणी साठलं. विहिरी खारट झाल्या, जमिनी गेल्या. शेतकऱ्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि वर्षानुवर्षं भांडत राहिली. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने तिथली सगळी डाइंग बंद करायचा आदेश दिला. त्यानंतर एक थेंबही बाहेर सोडायचा नाही या अटीवर ती हळूहळू सुरू झाली. आता तिथे पाणी गाळून, उरलेलं आटवून मीठ परत काढतात आणि पुन्हा हौदात वापरतात. खर्च प्रचंड आहे, तक्रारी अजून आहेत, पण रस्ता निघाला.

तो रस्ता शेतकऱ्यांनी कागद धरून ठेवले म्हणून निघाला. पाण्याच्या तपासण्या, विहिरींचे आकडे, पिकांचं नुकसान, सगळं लिहिलेलं होतं.

मग जेलचा उपयोग काय

माझ्या मते उपयोग आहे, जागा ठरवून. ज्या लहान डाइंगला मोठं यंत्र परवडत नाही, तिथे हौदातून निघालेलं पहिलं गडद पाणी वेगळं काढून त्यावर जेल वापरता येईल. मोठ्या केंद्रात पाणी गाळायच्या पडद्यांआधी रंग कमी केला तर पडदे जास्त टिकतील. शेवटच्या नाल्यात जेलची पोती टाकणं म्हणजे धान्य वाऱ्यावर सोडून मग वेचत बसणं.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. चिंचोका बांधावरच्या झाडाचा आहे, त्याला वेगळं रान लागत नाही, पाणी लागत नाही. चिंच फोडायचं काम गावोगाव बायका करतात. उद्या या बीला खरी मागणी आली तर पैसा त्या हातांपर्यंत यावा. आल आणि निळीच्या वेळी भाव दुसऱ्यांनी ठरवला, बाजार दुसऱ्यांनी मोडला. गवारीच्या २०१२ च्या भावाकडे बघून लोकांनी पुढच्या वर्षी पेरा वाढवला आणि भाव खाली आला. म्हणून जेलची बातमी वाचून कोणी गवारीचं रान वाढवू नका. खरेदीदार कोण, करार काय, हे हातात आल्याशिवाय एक गुंठाही नको.

नाल्याकाठच्या मंडळींना एवढंच सांगतो. एक वही करा. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, मीटर असेल तर क्षाराचा आकडा आणि एक फोटो. महिन्यातून एकदा पाण्याची बाटली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, पावती आणि अहवाल जपून ठेवा. मी माझी वही सुरू केली आहे. या पावसाळ्यानंतर वरच्या डाइंगवाल्यांकडे आम्ही सहा खातेदार मिळून ती घेऊन जाणार आहोत, आधी बोलायला. त्यांचीही माणसं तालुक्यातलीच आहेत, त्यांच्या घरातही आमचीच भाजी जाते. बोलून भागलं तर उत्तम. नाही भागलं तर वही आहेच.

काय होतं ते इथे लिहीन. तुमच्या भागात कोणी जेल, शेवगा किंवा दुसरं काही प्रत्यक्ष वापरून बघितलं असेल तर आकड्यांसकट सांगा. "छान रिझल्ट" एवढंच नको. किती लिटरला किती टाकलं, आणि मीठ किती उरलं, ते सांगा.